ट्रेकच्या सॅकमधला दुसरा चाकू: कोणता घ्यायचा, किती मोठा, कुठे ठेवायचा

राखीव चाकू घ्यायला दुकानात गेलेला माणूस बहुधा पहिल्यापेक्षा मोठा आणि दणकट चाकू घेऊन परत येतो. राखीव म्हणजे 'वेळ पडली तर', आणि वेळ पडली म्हणजे काहीतरी भयंकर, असं डोक्यात बसलेलं असतं. सह्याद्रीत वेळ पडते ती वेगळीच. रात्री आठ वाजता गुहेत खिचडीचा कांदा चिरायचा असतो आणि चाकू ज्याच्या खिशात आहे तो पाणी आणायला खालच्या टाक्यावर गेलेला असतो. बुटाचा तळ सुटलेला असतो, बांधायला दोरी कापायची असते, आणि घडीच्या चाकूचा सांधा लाल मातीने असा धरलेला असतो की नख तुटेल पण पातं उघडणार नाही.

म्हणून दुसरा चाकू निवडताना आधी पहिल्याकडे बघायचं. तो कसकसा अडू शकतो हे कागदावर मांडलं की दुसरा कोणता हवा ते जवळजवळ ठरतंच. दुसरा म्हणजे पहिल्याची झेरॉक्स नको. पहिला जिथे अडतो तिथे न अडणारा हवा.

पहिला कसा अडतो

सगळ्यात साधं म्हणजे हरवणं. बसल्यावर पँटच्या उथळ खिशातून चाकू घरंगळतो आणि गवतात पडला की दिसत नाही. काळी किंवा मिलिटरी हिरवी मूठ दिसायला भारी असते, पण सप्टेंबरातल्या गुडघाभर गवतात ती शोधून दाखवावी. हरवण्याचाच दुसरा प्रकार म्हणजे सॅक खाली ठेवून माथ्यावर जाणं: चाकू आहे, पण दीड तास खाली.

मग येतं अडकणं. घडीच्या चाकूत माती, वाळू, गूळ, संत्र्याचा रस काहीही जाऊन बसतं. लाकडी मुठीचा असेल तर पावसाळ्यात लाकूडच फुगतं. ओपिनेलसारख्या बीच लाकडाच्या मुठीच्या चाकूंची ही ओळखीची खोड आहे: मूठ ओली झाली की खाच आवळते आणि पातं आत चिकटून बसतं. अशा वेळी नखाने ओढत बसू नये. लॉकची कडी उघडी करून मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच ठोकलं की पातं थोडं बाहेर येतं, तेवढं पकडून उघडायचं.

तिसरं, टोक तुटणं. जवळपास प्रत्येक वेळी कारण एकच असतं: चाकूने काहीतरी उचकटायचा प्रयत्न. डब्याचं झाकण, तंबूची रुतलेली खुंटी, गॅसच्या शेगडीचा स्क्रू. चाकूचं पातं कापताना लागणारा उभा ताण सोसतं, आडवा पीळ सोसत नाही.

चौथं, धार जाणं. दगडावर ठेवून कांदा चिरला की दोन मिनिटांत धार बसते. कातळाशी एक फटकाही पुरतो.

पाचव्या कारणाचा विचार फार कमी लोक करतात: एकच हात मोकळा असणं. दुसरा हात दुखावला आहे, किंवा त्याने काही धरून ठेवलं आहे. नखाच्या खाचेने उघडणारा चाकू अशा वेळी जवळ असून नसल्यासारखा.

जोडी कशी जमवायची

पहिला चाकू घडीचा असेल तर दुसरा न मिटणारा, छोटा, सरळ घ्यावा. सांधा नाही म्हणजे अडकायला जागा नाही, आणि म्यानातून एका हाताने निघतो. पातं ६ ते ८ सेंटिमीटर, जाडी २ मिलिमीटरच्या आसपास, म्यानासकट वजन ६० ग्रॅमच्या आत. स्वीडनच्या मोरा कंपनीचा एल्ड्रिस साधारण या आकाराचा आहे. त्याचं पातं ६ सेंटिमीटरहून किंचित कमी आहे आणि म्यानात तो कट्ट आवाज करून बसतो.

खरं सांगायचं तर या कामाला भांड्यांच्या दुकानात मिळणारी भाजीची छोटी सुरीही उत्तम. विक्टोरीनॉक्सची ८ सेंटिमीटरची प्लॅस्टिक मुठीची सुरी जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची असते, स्टेनलेस असते, पातळ असल्यामुळे टोमॅटो दाबल्याशिवाय कापते, आणि हरवली तर जीव जळत नाही. तिची एकच उणीव आहे: म्यान नसतं. ते घरी कसं करायचं ते पुढे आहे.

पहिला चाकू सरळ आणि मोठा असेल, मोरा कंपनीच्या कम्पॅनियनसारखा १० सेंटिमीटर पात्याचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, तर दुसरा अगदी उलट घ्यावा: किल्लीला लावायचा ५८ मिलिमीटरचा स्विस चाकू. तो जेमतेम २२ ग्रॅमचा असतो. त्याचं पातं बोटाएवढं असलं तरी दुधाची पिशवी, सुतळी, चिकटपट्टी यांना पुरतं. खरं मोल आहे त्याच्या कात्रीचं. पायाला फोड आल्यावर चिकटपट्टी गोल कोपऱ्यांची कापावी लागते, चौकोनी कापली तर कोपरे मोज्याला अडकून निघून येतात. ते काम चाकूने नीट होत नाही.

गटाचा एकच स्वयंपाकाचा चाकू असतो आणि तो सामायिक पिशवीत असतो, अशी रीत बहुतेक ग्रुपमध्ये आहे. तिथे 'दुसरा' म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर एकेक छोटा नको. बारा जणांत बारा चाकू हा नुसता अपघाताचा धोका. सामायिक पिशवीत एक, सगळ्यात पुढे चालणाऱ्याकडे एक आणि सगळ्यात मागे राहणाऱ्याकडे एक, एवढे पुरे.

काय घेऊ नये

पोकळ मुठीचे 'सर्व्हायव्हल' चाकू: मुठीत काड्या, गळ, झाकणात होकायंत्र, पात्याच्या पाठीवर करवतीचे दात. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पातं मुठीच्या तोंडाशीच एका नटावर किंवा जोडावर संपवावं लागतं, आणि जोर लावला की तुटतं तेही तिथेच. पाठीवरचे दात लाकूड कापत नाहीत, अडकतात. करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात म्हणून तिचं पातं खाचेत फिरतं. इथे तसं काही नसतं.

क्रेडिट कार्डासारखे घडीचे चाकू सॅकमध्ये छान मावतात, पण मूठ अशी नसतेच. ओल्या हातात ते बोटं कापतात. सिरॅमिकचं पातं गंजत नाही, पण खडकावर पडलं की टवका उडतो. कळ दाबताच फटकन उघडणारे चाकू तर टाळाच. त्यांच्या स्प्रिंगमध्ये माती बसते, आणि नाकाबंदीत पोलिसाला तो काकडी चिरायला आणलाय हे पटवून देणं तुम्हालाच करावं लागतं.

आणि कोयता? कोकणात, मावळात वाटाड्याच्या कमरेला आकडीत कोयती असते. ती त्याच्या हातात शोभते कारण त्याचा मनगटाचा सराव वर्षांचा आहे. ट्रेकरला फांद्या तोडायचं काम नसतंच. अभयारण्यात ते गुन्ह्यात जमा होतं आणि बाहेरही गरज नाही. कोयता नको म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचा, लाकूड फोडायचा चाकूही नको. असा चाकू बटाटा कापत नाही, उकलतो.

पोलाद: किती खोलात जायचं

फार नाही. पहिल्या चाकूसाठी वाटेल तेवढा अभ्यास करावा. दुसरा महिनोन्‌महिने सॅकच्या कप्प्यात पडून राहणार आहे, म्हणून त्याला दोनच अटी: गंजू नये आणि साध्या दगडावर पटकन पाजळता यावा. या दोन्हींसाठी ५५ ते ५८ रॉकवेल कडकपणाचं साधं स्टेनलेस योग्य. विक्टोरीनॉक्सचं पातं ५६च्या आसपास असतं. १२सी२७ किंवा ८सीआर१३एमओव्ही असं पोलादाचं नाव पात्यावर लिहिलेलं असेल तरी चालेल. साध्या स्वस्त ४२० पोलादाची धार लवकर बसते. राखीव म्हणून ते चालतं, रोजच्या वापराला कंटाळवाणं.

कार्बन पोलाद सुरेख धार घेतं, पण जुलैत ओल्या सॅकमध्ये ठेवलं तर दुसऱ्या सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. रोज हाताळल्या जाणाऱ्या पहिल्या चाकूला ते शोभतं, कारण तो रोज पुसला जातो. डी-२ पोलादाबद्दलही गैरसमज आहे. त्यात क्रोमियम भरपूर असतं म्हणून लोक त्याला स्टेनलेस समजतात. पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो, तो क्रोमियमचा मोठा वाटा स्वतःशी बांधून ठेवतो, आणि गंज अडवायला पुरेसं क्रोमियम मोकळं राहत नाही. हरिहरेश्वर-श्रीवर्धनच्या किनाऱ्याने चालणार असाल तर असा चाकू घरी ठेवा.

दुकानात लोहचुंबकाची एक परीक्षा चालते, आणि नेमकी उलटी चालते. 'चुंबक चिकटला, म्हणजे हे खरं स्टेनलेस नाही' असं सांगितलं जातं. हे ताट-वाट्यांच्या स्टीलला लागू आहे. चाकूचं स्टेनलेस पाणी देऊन कडक केलेलं असतं आणि त्याला चुंबक चिकटतोच. स्टीलच्या पात्याला चुंबक चिकटला नाही तर ते भांड्याचं स्टील आहे आणि त्याला धार टिकणार नाही.

पात्यावर लाटांची नक्षी दिसली की 'दमास्कस' म्हणून किंमत तिप्पट होते. स्वस्त चाकूंवर ती बहुतेक वेळा वरून छापलेली किंवा कोरलेली असते. पात्याच्या पाठीकडे बघा. खरी थरांची घडण असेल तर रेषा पाठीवरूनही जातात.

हातात घेऊन तपासताना

दुकानातच या गोष्टी करून बघा, लाजू नका.

घडीचा असेल तर उघडून, लॉक लावून, पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. आडवी किंचित हालचाल स्क्रू आवळून जाते. वर-खाली हलत असेल तर लॉकच सैल आहे, तो परत द्या. मग पात्याची पाठ लाकडी टेबलावर हलकेच दोनदा टेकवा. बोटं मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. लॉक सुटला तर तो चाकू कितीही सवलतीत मिळाला तरी नको. आपटायचं नाही, जोरात आपटलं तर चांगला लॉकही खराब होतो. मिटल्यावर पातं खाचेच्या मधोमध बसलंय का पाहा. एका बाजूला घासत असेल तर धार तिथेच झिजेल.

सरळ चाकू असेल तर म्यानात घालून उलटा धरा आणि तीनदा झटका द्या. पडता कामा नये. तरीही अंगठ्याने ढकलून एका हाताने निघाला पाहिजे. म्यानाच्या तळाला पाणी जायला भोक हवं. चामड्याचं म्यान देखणं असतं, पण पावसाळ्यात ते आठवडाभर वाळत नाही आणि पातं त्या ओलीत पडून राहतं. राखीव चाकूला प्लॅस्टिकचंच म्यान.

मुठीची परीक्षा घरी करायची. हाताला भांड्याचा साबण लावून मूठ धरा आणि जाड पुठ्ठा कापा. हात धारेकडे सरकला तर मुठीला पुढे थांब नाही. मग जाड हातमोजे घालून उघडून पाहा. हिमालयात जाणार असाल तर ही परीक्षा चुकवू नये, कारण उणे तापमानात मोजे काढून नखाची खाच शोधायला कुणाला वेळ नसतो. शेवटी डोळे मिटून, फक्त डाव्या हाताने (डावखुरे असाल तर उजव्या) चाकू ठेवल्या जागेवरून काढा आणि परत ठेवा. यात अडखळलात तर एक तर चाकू चुकलाय किंवा त्याची जागा.

मूठ काळी असेल तर तिच्यावर भगवी किंवा पिवळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. मागच्या भोकात चार बोटं लांबीची रंगीत दोरी बांधली तर गवतात दिसते आणि खिशातून ओढायलाही बरी. फासा मोठा ठेवू नये, तो करवंदीच्या जाळीत अडकतो.

भाजीच्या सुरीला घरी म्यान

लागतं ते सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं: वायरिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वीतभर, दोन सपाट फळ्या, जाड पुठ्ठा, जुन्या सायकलची ट्यूब.

पाइपाची लांबी पात्यापेक्षा ३ सेंटिमीटर जास्त घ्या. त्यातला १ सेंटिमीटर टोकापुढे मोकळा राहील, २ सेंटिमीटर मुठीवर येतील. हा पाइप चपटा केला की आत साधारण २५ मिलिमीटर रुंदी मिळते. सुरीचं पातं बुडाशी २० मिलिमीटर असेल तर नेमकं बसतं. पातं जास्त रुंद असेल तर २५चा पाइप घ्या.

पुठ्ठ्याचे दोन तुकडे पात्याच्या आकाराचे, पण कडेने २ मिलिमीटर मोठे कापून एकमेकांना चिकटवा आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. हा साचा. खरी सुरी साचा म्हणून वापरायची नाही. गरम पाइप दाबताना धार आतून पीव्हीसीत रुतते आणि मग ओढताना हात घसरतो.

पाइप उकळत्या पाण्यात चिमट्याने धरून दीड-दोन मिनिटं ठेवा. पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडतं, त्यामुळे उकळतं पाणी भरपूर झालं. गॅसच्या ज्योतीवर धरू नका: करपलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, घसा धरते. मऊ झाला की साचा आत सारून दोन फळ्यांमध्ये दाबा आणि वर उभे राहा. मिनिटभरात थंड होऊन आकार धरतो. जमलं नाही तर परत उकळत्या पाण्यात टाका, पाइप पुन्हा गोल होऊ लागेल. चुकायला भीती नाही.

तळाकडचं तोंड पुन्हा गरम करून १ सेंटिमीटर चिमटीत घट्ट दाबा. मग तिथे ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, पाणी जाण्यासाठी, आणि तिथूनच दोरी ओवता येते. सुरी सैल बसत असेल तर ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग कापून म्यानाच्या तोंडावरून मुठीवर ताणून चढवा. हीच रिंग पावसात चूल पेटवायलाही उपयोगी: ट्यूबचा रबर ओला असला तरी पेट घेतो. धूर काळा येतो, म्हणून पेटवणापुरताच.

कुठे ठेवायचा

पहिला आणि दुसरा कधीही एका कप्प्यात नको. सॅक गेली तर दोन्ही जातील अशी व्यवस्था म्हणजे राखीव काहीच नाही. पहिला सॅकच्या वरच्या कप्प्यात असेल तर दुसरा अंगावर. पहिला अंगावर असेल तर दुसरा प्रथमोपचाराच्या पेटीत, कारण ती पेटी कुठे आहे हे गटात सगळ्यांना माहीत असतं.

अंगावर म्हणजे नेमकं कुठे? सरळ चाकू पँटच्या पुढच्या खिशात नको. घसाऱ्यावर बसकण मारली की म्यानाचं टोक जांघेत घुसतं, आणि तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. कमरेवर मणक्याच्या मधोमधही नको, पाठीवर पडल्यावर तो भाग सगळ्यात आधी आपटतो. सॅकचा पट्टा जिथे बसतो तिथे टोचतो ते वेगळंच. छातीच्या पट्ट्यावर, मूठ खाली करून, म्यान दोन ठिकाणी बांधून ठेवलेला छोटा चाकू सगळ्यात सोयीचा. गळ्यात अडकवायचा असेल तर दोरी नको, बारीक मण्यांची साखळी घ्या. ती फांदीला अडकली तर तुटते. पॅराकॉर्ड (नायलॉनची मजबूत दोरी) तुटत नाही, माणूस लटकतो.

दोर असेल तिथे

लिंगाणा, वजीर सुळका, अलंग-मदनचे कातळटप्पे, धबधब्यावरचं रॅपलिंग (दोरावरून उतरणं): जिथे हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आहे तिथे राखीव चाकूचे नियम बदलतात. इथे चाकू हार्नेसच्या कड्याला लटकतो, म्हणून त्याला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) जाईल असं मोठं भोक हवं, लॉक हवा, आणि मिटलेला असताना चुकून उघडता कामा नये. पेट्झलचा स्पाथा याच कामासाठी केलेला आहे. अर्धी धार दातेरी असेल तर ओला दोर आणि पट्टी पटकन कापली जाते. पाण्यातल्या कामाला टोक बोथट असलेलं बरं, खळखळत्या पाण्यात टोकदार पातं आधी आपल्यालाच लागतं.

पण दोर आणि चाकू यांची गाठ शक्यतो पडूच नये. ताणलेला नायलॉनचा दोर कापायला लागत नाही, धार नुसती टेकली तरी तो सुटतो. सैल दोरावर करवतीसारखा चाकू फिरवून ज्यांनी पाहिलाय त्यांना हे खरं वाटत नाही. घरी जुन्या दोराला पाण्याची भरलेली बादली टांगून एकदा करून पाहा, बादलीखाली पाय ठेवू नका.

उतरताना केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) अडकले तर पहिला हात चाकूकडे जातो. तो थांबवा. आधी खालचा दोर मांडीभोवती तीन-चार वेढे घेऊन स्वतःला अडकवा. मग डिसेंडरच्या वर दोरावर प्रुसिकची (भार आला की दोराला आवळून बसणारी) गाठ मारा, तिला लांब फासा जोडून त्यात पाय ठेवा आणि उभे राहा. भार पायावर आला की डिसेंडर सैल होतो आणि अडकलेलं सहसा ओढून निघतं. नाहीच निघालं तर केस कापा, पण धार दोराच्या विरुद्ध बाजूला ठेवून, बाहेरच्या दिशेने. केस परत येतात.

चौकीवर काय होतं

पात्याची लांबी हा कायद्याचा एक भाग. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं वेगळ्या वर्गात येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाची वगळून. ८ सेंटिमीटरची सुरी यापासून फार लांब आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली सण, निवडणूक, आंदोलन अशा काळात जिल्ह्यात जमावबंदीबरोबर चाकू-काठ्या बाळगायला बंदीचे आदेश निघतात, आणि तिथे लांबी मोजत कुणी बसत नाही. शहरातून जाताना चाकू कमरेला नको. म्यानात, कापडात, स्वयंपाकाच्या पिशवीत तळाशी.

दुसरा भाग ट्रेकरांना जास्त लागू आहे आणि कमी माहीत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम ३१नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि शस्त्राच्या व्याख्येत चाकूचंही नाव आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही तोच नियम. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा: हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात; वासोटा कोयनेच्या; भीमाशंकरचं जंगल भीमाशंकर अभयारण्यात; गोव्यात दूधसागर भगवान महावीर अभयारण्यात. नेहमीच्या ट्रेकपैकी बरेच इथेच आले. नाक्यावर विचारलं तर लपवू नका, स्वयंपाकाची सुरी म्हणून दाखवा, ठेवून जा म्हटलं तर ठेवा. आणि त्या ट्रेकचा बेतच चाकूविना करा: भाजी घरून चिरून, थालीपीठ, चटणी, किसलेला गूळ, आणि प्रथमोपचाराच्या पेटीत बोथट टोकाची कात्री. चिकटपट्टी, बँडेज, सुतळी, प्लॅस्टिक हे सगळं तिने होतं.

विमानाने मनालीला, लेहला जाणाऱ्यांनी दोन्ही चाकू चेक-इनच्या सामानात टाकावेत, किल्लीच्या जुडग्यातला छोटाही. हातसामानात तो राहतो आणि सुरक्षा तपासणीच्या पेटीत जातो. ब्रिटनमध्ये ट्रेकला जाणाऱ्यांसाठी वेगळा नियम: कारण न देता बाळगायचा तर तो मिटणारा, लॉक नसलेला आणि ३ इंचांपर्यंत धारेचाच हवा.

धार

राखीव चाकूची धार निघण्यापूर्वी तपासायची. वर्तमानपत्राचा कागद एका हातात लटकत धरून वरून कापा. सर्रकन गेला तर ठीक, फाटला तर पाजळा. ४०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर फरशीच्या सपाट तुकड्यावर ओला करून पसरला तर दगडाचं काम होतं. पात्याची पाठ कागदापासून थोडी उचलायची. २० मिलिमीटर रुंद पात्याला दर बाजूला २० अंश हवे असतील तर पाठीखाली ७ मिलिमीटर फट लागते, म्हणजे शाळेची पेन्सिल सरकेल एवढी. धारेच्या कडेला आधी स्केचपेनने काळी रेघ ओढा. चार घासांनंतर रेघ वरच्या बाजूलाच पुसली गेली तर पाठ कमी उचलताय, अगदी कडेलाच पुसली गेली तर जास्त.

कागदावर पातं नेहमी मागे ओढायचं, धार पुढे ढकलायची नाही, नाहीतर कागद कापला जातो. एका बाजूने घासत राहा. दुसऱ्या बाजूला अंगठा आडवा फिरवल्यावर बारीक कंगोरा लागला (कारखान्यात याला बर म्हणतात) की बाजू बदला. घाईत बहुतेकांची चूक इथेच होते: कंगोरा यायच्या आधी बाजू बदलत राहतात आणि अर्ध्या तासानेही धार येत नाही. कंगोरा दोन्हीकडे आला की १०००च्या कागदावर हलक्या हाताने पाच-सहा घास, मग जुन्या चामडी पट्ट्यावर दहा.

ट्रेकवर चिनीमातीचा मग असेल तर त्याच्या तळाची न चकाकणारी खरखरीत कड धार परत आणायला पुरते. दर बाजूला दहा घास. दातेरी धारेच्या वाटेला मात्र जंगलात जाऊ नका, ती घरीच.

परत आल्यावर

न वापरलेला चाकूही म्यानाबाहेर काढा, तो भिजलेला असतोच. घडीचा असेल तर उघडून गरम साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने सांधा घासा, नळाखाली आठ-दहा वेळा उघड-मीट करा, उन्हात वाळवा आणि सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा. पात्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, उद्या त्यानेच कांदा चिरायचाय. म्यान वेगळं धुऊन, तोंड खाली करून वाळत ठेवा आणि चाकू त्यात परत घालायचा तो पुढच्या ट्रेकची सॅक भरताना. मधल्या काळात पातं वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवा, आणि कागदावर पेनने लिहा: आत चाकू.